रगत किती जातंय?

मांड्यांची आणि कमरेची चरबी काढून घ्यायचं, म्हणजे लायपोसक्शन करायचं ठरवलंय, हे मी घरात सांगितलं तेव्हा नवऱ्याने विचारलं, ‘खर्च किती?’ मुलीने विचारलं, ‘मैत्रिणींना सांगू का नको?’ आई तासगावहून दोन दिवसांसाठी आली होती. तिने चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाली, ‘रगत किती जातंय त्यात?’

मला उत्तर माहीत नव्हतं. चरबी काढायची म्हणजे चरबी निघणार, त्यात रक्ताचा काय संबंध, इतकीच माझी समज. पण आईच्या तोंडून तो प्रश्न सहज आलेला नव्हता. १९८२ साली धाकट्या भावाच्या वेळी ती घरीच बाळंत झाली आणि रक्त थांबेना. कुणाच्या तरी जीपमध्ये गोधडीवर टाकून तिला मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात आणलं. तिथे तीन बाटल्या रक्त चढवलं. त्यातली एक बाटली देणारा माणूस आमच्या नात्यातला नव्हता, गावचाही नव्हता. दुसऱ्याच कुणाच्या पेशंटसोबत आलेला होता, त्याचा गट जुळला. तो कोण हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यामुळे ऑपरेशन कुठलंही असो, मोतीबिंदूचं असलं तरी, आई आधी हेच विचारते.

माझं म्हणाल तर वय चव्वेचाळीस, उंची एकशे छप्पन सेंटिमीटर, नोकरी सहकारी बँकेत कॅशियरची. दोन वर्षं नेमाने चालून आणि रात्रीचा भात सोडून वजन ऐंशीवरून एकाहत्तरवर आणलं होतं. चेहरा उतरला, दंड उतरले, मांड्या आणि कमरेच्या दोन्ही बाजूंचे वळसे मात्र जागचे हलले नाहीत. चालताना मांडीला मांडी घासून उन्हाळ्यात कातडी सोलून निघायची. हौस नव्हती असं मी म्हणणार नाही. हौस होतीच. पण नुसती हौस नव्हती, एवढंच.

पहिल्यांदा गेले ते पुण्यातल्या एका चकचकीत क्लिनिकमध्ये, मावसबहिणीच्या ओळखीने. तिथे डॉक्टर भेटलेच नाहीत. टॅब घेतलेली एक गोड मुलगी भेटली. तिला काउन्सेलर म्हणतात. मी तिला आईचाच प्रश्न विचारला, फक्त ‘रगत’चं ‘ब्लड’ केलं.

‘काहीच नाही मॅम, ही ब्लडलेस प्रोसिजर आहे. सकाळी यायचं, संध्याकाळी घरी.’

‘आणि काढणार किती?’

‘सात-आठ लिटर आरामात. एकदाच काय ते होऊन जाईल.’

भूल कोण देणार? ‘लोकलमध्येच होतं, गरज पडली तर सर बाहेरून बोलावतात.’ रक्ताच्या तपासण्या? ‘त्याच दिवशी सकाळी करून टाकू.’ आज बुक केलं तर वीस टक्के सूट होती. काउंटरवर बसून मी रोज लोकांना सांगते, घाईने सही करायला लावणाऱ्या योजनेत पैसे घालू नका. त्या दिवशी मीच दहा हजार टोकन भरून आले. ते परत मिळाले नाहीत. पावतीवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात तसं लिहिलेलं होतं, आणि ते मी घरी येऊन वाचलं.

माझी वहिनी मिरजेत एका रक्तपेढीत टेक्निशियन आहे. रात्री फोनवर तिला सगळं सांगितलं. सात-आठ लिटर म्हटल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली.

‘वन्सं, तुमच्या अंगात एकूण रक्त किती असेल ठाऊक आहे? साडेचार लिटर. आणि तुम्ही सात लिटर काहीतरी काढून संध्याकाळी रिक्षाने घरी जाणार?’

‘अगं, पण ते रक्त नाही ना. चरबी.’

‘चरबी काय डब्यात भरून ठेवलीय का, झाकण उघडून ओतायला? तिच्यातून रक्तवाहिन्या गेलेल्या असतात. किती रक्त जाईल ते जो आकड्यात सांगेल त्याच्याकडे जाऊ.’

तो आकड्यात सांगणारा माणूस मिरजेतच होता. प्लास्टिक सर्जन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे सिनेनट्या येत होत्या. प्रत्यक्षात त्यांच्या बाहेरच्या बाकड्यांवर भाजलेली माणसं होती, चरकात हात सापडलेला एक पोरगा होता, टाळू फाटलेलं तान्हं बाळ घेऊन आलेली एक बाई होती. त्या रांगेत मी मांड्यांसाठी बसले होते. शेजारच्या म्हातारीने ‘तुम्हाला काय झालंय ओ?’ असं विचारल्यावर मी ‘गाठ आहे’ म्हणून चक्क खोटं सांगितलं.

सरांनी माझं सगळं ऐकून घेतलं. एवढी चरबी काढली म्हणून वजनकाट्यावर फार फरक दिसणार नाही, आकार बदलेल, हे आधीच सांगून टाकलं. मग मी वहीत लिहून नेलेला प्रश्न वाचला. ते हसले नाहीत. प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा केला आणि त्यावर चार बाटल्या काढल्या.

पहिली बाटली म्हणजे कोरडी पद्धत. आत काहीही न सोडता नळी घालायची आणि ओढायचं. त्यात बाहेर आलेल्या ऐवजातलं वीस ते पंचेचाळीस टक्के रक्तच असायचं. दोन लिटर काढले तर त्यातलं पाऊण लिटर रक्त. म्हणून त्या काळी पेशंटचंच रक्त आधी काढून ठेवायचे आणि नंतर त्यालाच चढवायचे. दुसरी ओली, थोडं द्रावण आत सोडून. त्यात रक्ताचं प्रमाण चार ते तीस टक्के. तिसऱ्या बाटलीत जेवढं काढायचं जवळपास तेवढंच द्रावण आधी आत भरायचं, आणि चौथीत त्याच्या दुप्पट-तिप्पट, अंग फुगून टणक होईपर्यंत. या शेवटच्या दोन्हींत रक्त साधारण एक टक्का.

‘फरक कशाने पडला? या द्रावणाने,’ ते म्हणाले. सलाइनच्या एका लिटरमागे एक मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनॅलिन, म्हणजे दहा लाखांत एक भाग. त्याने बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात. सोबत बधिर करणारं लिडोकेन आणि थोडा सोडा बायकार्ब. जेफ्री क्लाइन नावाच्या कॅलिफोर्नियातल्या त्वचारोगतज्ज्ञाने ही पद्धत काढली, १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधी बोथट, पोकळ नळीची कल्पना रोमच्या फिशर बापलेकांनी आणली होती, आणि पॅरिसच्या इलूझ यांनी चरबीत द्रावण सोडून ती ओढायला सुरुवात केली होती. आणि त्याच्याही पन्नास वर्षं आधी, १९२०च्या दशकात, पॅरिसमध्येच एका नर्तकीच्या पोटऱ्या बारीक करायला म्हणून एका सर्जनने चरबी खरवडून काढली. मोठी रक्तवाहिनी दुखावली, पाय सडला, कापावा लागला. नर्तकीचा पाय! हे ऐकताना माझा हात आपोआप पोटरीवर गेला.

‘म्हणजे मला एक टक्का,’ मी म्हटलं. तीन लिटरचे तीस मिलिलिटर. म्हणजे दोन मोठे चमचे. आईला सांगायला चांगला आकडा होता.

‘एक टक्का बाटलीतला,’ सर म्हणाले. ‘बाटलीबाहेर जे आत झिरपतं ते कुणी मोजत नाही. म्हणून मी हिमोग्लोबिन बघतो.’

ते आलं ८.७.

‘हे ऑपरेशन मी करणार नाही,’ ते म्हणाले. ‘म्हणजे आत्ता नाही. चांगली पद्धत वापरूनही एक-दोन ग्रॅम खाली येऊ शकतं. तेराची बाई अकरावर येते, चालत घरी जाते. तुम्ही सातच्याही खाली याल आणि मला बाटली लावावी लागेल. जीव वाचवायला रक्त लागलं तर मी रात्री दोनला धावेन. हौसेच्या ऑपरेशनला दुसऱ्याचं रक्त लावायचं नाही, हा माझा नियम आहे.’

मला राग आला. खरं सांगायचं तर अपमान वाटला. पुण्यात मला ‘मॅम’ म्हणून कॉफी पाजली होती आणि इथे साडेतीनशे रुपये फी घेऊन हाकलत होते. वहिनी मात्र जिना उतरताना म्हणाली, ‘हा माणूस बरा आहे.’ देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत शंभरातल्या सत्तावन्न जणींना रक्तक्षय आहे, २०१९-२१च्या सरकारी पाहणीतला आकडा, तोही तिनेच सांगितला. ‘तुम्ही काही जगावेगळ्या नाही, वन्सं. फक्त कुणी मोजलं नव्हतं.’

मोजलं नव्हतं हे खरंच. पाळीचे पहिले तीन दिवस मी दर दोन तासांनी पॅड बदलायचे आणि सगळ्याच बायकांचं असं असतं असं धरून चालले होते. काउंटर सोडून उठता येत नाही म्हणून गडद रंगाच्या साड्या ठरलेल्या. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी सोनोग्राफी केली, गर्भाशयात एक फायब्रॉइडची गाठ निघाली. म्हणजे बाहेर बसलेल्या म्हातारीला मी सांगितलेलं अगदीच खोटं नव्हतं! गाठ काढायची गरज नव्हती. रक्तस्राव कमी करायला हार्मोनच्या गोळ्या देण्याचा त्यांचा विचार होता, पण सरांनी फोन करून नको म्हणून सांगितलं. काही हार्मोनच्या गोळ्यांनी पायाच्या शिरांत गुठळी व्हायचा धोका वाढतो, आणि ऑपरेशनमध्ये तो धोका आधीच असतो. त्याऐवजी पाळीच्या दिवसांपुरत्या ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या आल्या.

या औषधाबद्दल मी नंतर बरंच वाचलं. जपानच्या उताको ओकामोतो या डॉक्टरबाईंनी आणि त्यांचे पती शोसुके यांनी ते शोधलं आणि १९६२ मध्ये जगापुढे मांडलं. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने बायका मरतात, त्यांना वाचवायचं, हा बाईंचा ध्यास होता. त्या वापरासाठीची मोठी जागतिक चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, बाई त्याच्या आदल्याच वर्षी गेल्या. आई जीपमध्ये गोधडीवर पडली होती तेव्हा हे औषध जगात येऊन वीस वर्षं झाली होती. मला ते मांड्यांसाठी मिळालं. आता तेच औषध सर्जन लायपोसक्शनमध्येही वापरतात, माझ्यातही वापरलं. आईला हे सगळं मी अजून सांगितलेलं नाही.

रक्त वाढवण्यात पाच महिने गेले. लोहाच्या गोळ्यांनी पोट घट्ट, शौचाला डांबरासारखं काळं. जेवणानंतरचा चहा बंद, कारण त्याने लोह अंगाला लागत नाही. गोळीबरोबर लिंबूपाणी. सहा आठवड्यांनी ८.७चं ९.९ झालं आणि तिथेच अडलं, कारण वरून भरत होते ते खालून जात होतं. मग शिरेतून लोह दिलं, चहाच्या कोऱ्या काढ्याच्या रंगाचं एक ग्रॅम. देताना सिस्टर शेजारी बसून होती, रिअ‍ॅक्शन येते का बघत. नोव्हेंबरात, दिवाळी आटोपल्यावर, आकडा आला १२.६. गंमत म्हणजे तोवर मला जिना चढताना धाप लागेनाशी झाली होती. ती धाप मी इतकी वर्षं मांड्यांच्या खात्यात टाकत होते.

बंद करायच्या गोष्टींची यादी मिळाली. टाच दुखते म्हणून घ्यायचे ती वेदनाशामक गोळी, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, कोलेस्टेरॉलसाठी कुणीतरी दिलेल्या लसणाच्या गोळ्या, भावाने आणलेला कसलासा काढा. यांतल्या बऱ्याच गोष्टी रक्त गोठण्यात अडथळा आणतात, आणि काढ्यात काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. यादी संपल्यावर सरांनी मान वर न करता विचारलं, ‘मिश्री लावता?’

वहिनी शेजारी बसलेली. बँकेत कुणाला ठाऊक नाही, नवऱ्याला ठाऊक असून तो बोलत नाही. लहानपणी आईच्या डबीतून बोटावर घेतलेली सवय. मी ‘सकाळची एकदाच’ म्हटलं. ‘तंबाखू ती तंबाखूच. चार आठवडे आधीपासून बंद. कातडीला रक्त पोहोचत नाही, जखम भरत नाही.’ पाच महिन्यांत सगळ्यात अवघड हेच गेलं.

संमतीपत्रावर सही करायच्या आधी सरांनी अर्धा तास दिला. अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांनी आपल्याच लोकांना विचारून केलेली एक पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. तीत साधारण पाच हजार लायपोसक्शनमागे एक मृत्यू निघाला होता. त्या मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण रक्त जाणं नव्हतंच. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात जाणं हे पहिलं कारण होतं, जवळपास चौथा हिस्सा. त्याखालोखाल नळी पोटाची भिंत भेदून आत जाणं. रक्तस्राव यादीत बराच खाली. ‘म्हणजे आई चुकीचा प्रश्न विचारते?’ मी म्हटलं. ‘नाही. तो नीट विचारला की बाकीचे पाठोपाठ येतात,’ ते म्हणाले. पाच लिटरच्या वर गेलं की ते मोठं लायपोसक्शन धरतात, रात्रभर रुग्णालयात देखरेख लागते. माझे तीन लिटरच होते, तरी रात्र काढायचीच, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. दोन पिशव्या रक्त जुळवून राखून ठेवलं होतं, वहिनीच्याच रक्तपेढीत. नियम आपल्या जागी, पिशव्या आपल्या जागी.

पैशांचं थोडक्यात सांगते. विमा यात एक रुपया देत नाही, आणि वर जीएसटी. उपचार असेल तर कर नाही, सौंदर्य म्हटलं की सरकारलाही वाटा हवा.

ऑपरेशनच्या सकाळी उभं करून अंगावर मार्करने रेघा मारल्या, नकाशातल्या डोंगरांसारखी वर्तुळांत वर्तुळं. थिएटर गार होतं, पण आत सोडायचं द्रावण कोमट करून ठेवलेलं होतं. एवढं थंड पाणी अंगात गेलं तर शरीराचं तापमान उतरतं, आणि उतरलेल्या तापमानात रक्त नीट गोठत नाही. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर भूलतज्ज्ञ मॅडमनी दोन रकाने आखले होते. ‘आत’ आणि ‘बाहेर’. मी म्हटलं, ‘ही तर आमची आवक-जावक.’ त्या म्हणाल्या, ‘रात्री जुळली पाहिजे.’ बाजूला माझं वजन आणि गुणाकार लिहिलेला होता. किलोमागे पस्तीस मिलिग्रॅम ही लिडोकेनची वरची हद्द, म्हणजे मला २४८५. तेवढं दिसलं आणि मी झोपले.

पुढचं वहिनीने सांगितलेलं. ओळखीमुळे तिला आत उभं राहू दिलं होतं. द्रावण भरल्यावर मांडी पांढरीफटक पडली, लिंबाच्या आतल्या सालीसारखी. मग वीस मिनिटं कुणी काहीच केलं नाही. सर हात जोडून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे. औषधाला चढायला वेळ द्यावा लागतो, आणि घाई करणारे तिथेच रक्त घालवतात, असं ते शिकाऊ डॉक्टरला सांगत होते. मग भांड्यात जे जमायला लागलं त्याचे थोड्या वेळाने दोन थर झाले. वर साजूक तुपासारखा पिवळा, खाली कोकम सरबतासारखं पातळ गुलाबी. रंग जरा गडद झाला की सर ती जागा सोडून दुसरीकडे जायचे. शेवटी फळ्यावर आलं: आत ३.४ लिटर, बाहेर ३.१, त्यात चरबी २.३. लिडोकेन १७००, हद्दीच्या बरंच खाली.

मी जागी झाले ती कुडकुडत. कमरेपासून गुडघ्यापर्यंत घट्ट पट्ट्यांचा पोशाख चढवलेला. नळीची छिद्रं टाके न घालता उघडीच ठेवतात, आतलं पाणी निघून जावं म्हणून. तासाभरात खालचं अंथरूण ओलं गुलाबी झालं आणि नवरा पांढरा पडला. वहिनीने त्याला बाहेर बसवलं आणि मला सांगितलं, ‘कोकमासारखं आहे तोवर झोपा. डाळिंबासारखं झालं की हाक मारा.’ तासगावच्या बाईला याहून स्पष्ट काय सांगणार?

संध्याकाळभर सिस्टर दर तासाला येऊन तेच तीन प्रश्न विचारत होती. तोंडाभोवती मुंग्या येतात का? कानात आवाज येतो का? जिभेला धातूची चव लागते का? ही लिडोकेन अंगात जास्त झाल्याची लक्षणं. ते चरबीतून सावकाश रक्तात उतरतं, कळस बारा-चौदा तासांनी होतो. म्हणजे जे सकाळी येऊन संध्याकाळी घरी जातात त्यांना तो कळस घरी, टीव्हीपुढे गाठतो. त्यावरचा उतारा कपाटात होता, दुधासारखी पांढरी बाटली. वहिनीने कशाची ते सांगितलं तेव्हा दुखत असतानाही हसू आलं. चरबीचं द्रावण!

रात्र नीट गेली. पहाटे पाचला सिस्टरने चालवायला उठवलं, कारण चाललं नाही तर गुठळी. उठून बसले, पाय खाली सोडले, उभी राहिले. दोन पावलांवर कानांत शिट्टी वाजली, समोरच्या भिंतीवरचा गणपती कडेकडेने काळा होत गेला, आणि पुढचं आठवतं ते वहिनीच्या खांद्याला लागलेलं माझं नाक.

आडवं केलं, पाय उशांवर. रक्तदाब ब्याऐंशी-पन्नास, नाडी एकशे अठरा. बोटाला लावलेला चिमटा ऑक्सिजन सत्त्याण्णव दाखवत होता, धाप नव्हती, छातीत दुखत नव्हतं. हे सगळं सिस्टर मोठ्याने म्हणत होती आणि वहिनी लिहून घेत होती. लघवीची पिशवी बघितली, तासाला चाळीस मिलिलिटर, म्हणजे ठीक. सलाइन जोरात सोडलं, ईसीजी काढला, रक्त तपासायला गेलं. वीस मिनिटांत सर आले ते माकडटोपी घालूनच. त्यांनी काहीही न बोलता पोट दाबून बघितलं, पोटऱ्या दाबून बघितल्या, पोशाखाखाली हात घालून मांड्या चाचपल्या, कुठे एका बाजूला फुगवटा आहे का. मग स्टुलावर बसले आणि रिपोर्टची वाट बघत राहिले.

मी त्या अर्ध्या तासात काय विचार केला? पुण्यातलं क्लिनिक आठवलं. तिथलं असतं तर मी या वेळी मावसबहिणीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये असते, कडी लावून.

हिमोग्लोबिन आलं १०.७. रक्तदाब हळूहळू शंभरावर आला. पिशव्या लागल्या नाहीत.

‘तीस मिलिलिटर म्हणाला होतात,’ मी सरांना म्हटलं. भांडायचं त्राण नव्हतं, पण हिशेब लागत नव्हता.

‘तीस तुम्ही म्हणालात,’ ते म्हणाले. मग नीट सांगितलं. भांड्यात होतं ते तेवढंच, तीस-चाळीस. पण अ‍ॅड्रेनॅलिनचा असर उतरल्यावर आत झिरपणं चालू राहतं. ते रक्त मांडीच्या पोकळ जागेत बसतं, बाहेर येत नाही, पण फिरतही नाही. काही पडझड खोटी असते, आत सोडलेलं पाणी रक्तात उतरून ते पातळ होतं. आणि चक्कर यायला या दोन्हींखेरीज उपाशीपोट, भूल आणि एकदम उभं राहणं पुरतं. खरं किती गेलं ते सातव्या दिवशी कळेल, पाणी उतरल्यावर. ‘आणि ८.७ वरून निघाला असतात तर?’ हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. मीच मनात वजाबाकी केली.

दुसऱ्या खेपेला आधी पाच मिनिटं काठावर बसवलं, मग उभं केलं, मग व्हरांड्याच्या टोकापर्यंत नेऊन आणलं. आणखी एक दिवस ठेवून घेतलं. घरी दर दोन तासांनी पोटऱ्या हलवणं, घरातल्या घरात फेऱ्या. मांड्या वांग्याच्या रंगाच्या झाल्या, मग हिरवट, मग हळदीच्या. हाताला गाठी लागत होत्या, बधिर होतं, पोशाखाचे हुक लावायला मुलगी आणि मी दोघी लागायचो. सहा आठवडे. जेव्हा ‘लंच टाइम’ लायपोसक्शन, जेवणाच्या सुट्टीत होऊन जाईल, अशी जाहिरात दिसते तेव्हा मला ते हुक आठवतात.

सातव्या दिवशी हिमोग्लोबिन ११.१. म्हणजे वरचं थोडं पाणी होतं, बाकी खरंच गेलं होतं. वहिनीने कॅल्क्युलेटर न घेता सांगितलं, ‘अर्धा लिटर धरा. शिबिरात एक बाटली देतात, त्याच्या आसपास.’

त्या रविवारी आई आली. येताना स्टीलच्या डब्यात अळिवाचे लाडू, गूळ-खोबऱ्याचे, वरून तूप. बाळंतिणीला देतात ते. मी म्हटलं, ‘आई, चरबी काढलीय माझी, आणि तू लाडू?’ तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मांड्या बघायच्या नाहीत म्हणाली. मग बशीत चहा ओतताना विचारलं, ‘मग गेलं किती शेवटी?’

‘एक बाटली,’ मी म्हटलं. ‘रक्तदानाला देतात तेवढी.’

आईने चहा फुंकला, एक घोट घेतला.

‘मग दिलं असतंस की कुणाला तरी,’ ती म्हणाली आणि डबा माझ्याकडे सरकवला.